इंटिरिअर डिझाईन शिकून खान्देशात पोट भरतं का?

बोरीकाठची | १४ मे, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी. मी अमळनेरची, माध्यमिक शाळेत शिक्षिका. मुलगी यंदा बारावी कॉमर्स झाली. मार्क बरे आहेत. आता सीए नाहीतर बँकेच्या परीक्षा, असं आम्ही मनाशी धरून चाललो होतो. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी बाईसाहेबांनी जाहीर केलं की इंटिरिअर डिझाईन करायचंय. चित्रकला चांगली आहे, एलिमेंटरी-इंटरमिजिएट दोन्ही झाल्यात. पण म्हणून हा धंदा?

मोठे दीर म्हणाले, "सोफा कुठे ठेवायचा हे शिकायला चार वर्षं?" मी तिच्या बाजूने बोलायला गेले आणि मलाच उत्तर सुचेना. शिक्षण नेमकं कुठलं, कुठे, आणि परत येऊन जळगाव-धुळ्यात काम मिळतं का? पुण्यात कायमची राहिली तर तेही चालेल, पण तिचंच म्हणणं आहे की परत यायचं. खरं काय ते सांगा, गोड बोलू नका.

खान्देशी_आप्पा | १४ मे, रात्री ९:४१

भो, सोफा कोठे ठेवाना हाई इचाराना पैसा? मन्ही बायको फुकट सांगस, आनि दर दिवायले जागा बदलस.

शेवभाजी_एक्स्ट्रा_तिखट | १४ मे, रात्री ९:५८

आप्पा 😂

ताई, आपल्याकडे प्रत्येक घराला आधीच तीन डिझायनर असतात: वास्तुवाले, सासूबाई आणि मिस्त्री. चौथ्याला फी कोण देणार?

कर्ण_मोजा | १४ मे, रात्री ११:१५

मी धुळ्यात हेच काम करते, अकरा वर्षं झाली. तुम्ही गोड नको म्हणालात म्हणून आधी कडू.

पहिली दोन वर्षं मला एकही काम पूर्ण मिळालं नाही. लोक घरी बोलावायचे, चहा पाजायचे, "फक्त एक थ्रीडी चित्र दाखवा" म्हणायचे. मी रात्री जागून थ्रीडी करून द्यायचे. दोन महिन्यांनी त्यांच्या हॉलमध्ये तेच टीव्ही युनिट उभं दिसायचं, मिस्त्रीने मोबाईलवरचा फोटो बघून केलेलं, मापं चुकलेली. आता आगाऊ रक्कम हातात पडल्याशिवाय मी टेपसुद्धा उघडत नाही. कॉलेजात हे कोणी शिकवलं नव्हतं.

दुसरं, साइट. पहिल्या साइटवर मिस्त्री माझ्याशी बोलायचाच नाही. मी काही विचारलं की उत्तर क्लायंटच्या नवऱ्याकडे बघून द्यायचा. एके दिवशी किचनचा ओटा बसवताना मी म्हटलं, कोपरा गुण्यात नाही, म्हणजे काटकोनात नाही. तो हसला, नवी भिंत आहे म्हणाला. मी कोपऱ्यापासून एका भिंतीवर तीन फुटांवर खूण केली, दुसरीवर चार फुटांवर, आणि दोन खुणांमधलं अंतर त्यालाच मोजायला लावलं. बरोबर पाच फूट यायला हवं, आलं पाच फूट दोन इंच. ग्रॅनाइट तसंच कापून आणलं असतं तर भिंतीशी पाचर राहिली असती. त्या दिवसापासून "मॅडम, जरा बघता का" सुरू झालं. माझं इथलं नाव त्यावरूनच आहे.

पोट भरतं का? भरतं. पण नुसत्या डिझाईनच्या फीवर इथे अजूनही कठीण. मी निम्मी कामं मटेरियलसकट घेते. दुकानं, दवाखाने, कोचिंग क्लासेस यांची कामं घरांपेक्षा लवकर संपतात आणि पैसेही वेळेवर येतात. डॉक्टर मंडळींचं अर्धं लक्ष वेटिंग रूममध्ये किती खुर्च्या बसतात याच्यावरच असतं, ती गोष्ट वेगळी.

पाचवं_वर्ष | १५ मे, सकाळी ८:०५

एक गोष्ट स्पष्ट असावी. १९७२ च्या कायद्याने 'आर्किटेक्ट' हे नाव लावायला नोंदणी लागते. 'इंटिरिअर डिझायनर' ही पाटी मात्र कोणीही लावू शकतो. त्यामुळे या क्षेत्रात शिकलेला, न शिकलेला, पडद्यांचं दुकान असलेला, सगळे एकाच रांगेत उभे. मुलीला पाच वर्षांचं बी.आर्क करायला सांगा. इंटिरिअर त्यात येतंच.

कर्ण_मोजा | १५ मे, सकाळी ८:३०

@पाचवं_वर्ष, पोरगी कॉमर्सची आहे हो. वर वाचा. गणिताशिवाय बी.आर्कला प्रवेशच नाही. आणि "इंटिरिअर त्यात येतंच" म्हणजे किती येतं? ड्रॉवर ज्यावर सरकतो ते चॅनेल किती इंची घ्यायचं हे मी एका आर्किटेक्ट मित्राला विचारलं होतं. त्याने मिस्त्रीला फोन लावला.

पाचवं_वर्ष | १५ मे, सकाळी ८:४४

गणिताचं नजरेतून सुटलं, चूक मान्य. चॅनेलचं मान्य नाही 🙂 पण कायद्याचा मुद्दा सोडू नका. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच म्हटलं की तो कायदा नावाला संरक्षण देतो, कामाला नाही. म्हणजे या धंद्यात कागदाने कोणी तुमचं रक्षण करणार नाही.

एक धोक्याचीही बाजू. आमच्या ओळखीत जुन्या घरात 'ओपन किचन'साठी एका पाटीवाल्याने मधली भिंत पाडली. वरच्या मजल्याचा भार तिच्यावरच होता. स्लॅबला तडे गेले, आता लोखंडी गर्डर टाकून उभं केलंय. भिंत कुठली पाडायची नाही हे कळायला तरी शिक्षण हवं.

ठोकळा | १५ मे, सकाळी ९:१०

पडद्यांच्या दुकानवाल्याचा पोरगा हजर आहे. वडील तीस वर्षं लोकांना सांगतायत की पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लावा. पाटी कधी लावली नाही.

रंधा_पटाशी | १५ मे, दुपारी १:२०

माझे वडील सुतार. पाचोऱ्याकडचं गाव. मी आयटीआय करून त्यांच्याबरोबर फर्निचरची कामं घेतो. डिझायनर लोकांबद्दल दोन शब्द.

एका साहेबांनी ड्रॉइंग दिलं, कपाटाची खोली २६ इंच. फार सुंदर ड्रॉइंग, रंगीत. प्लायची शीट आठ बाय चार. चार फूट म्हणजे ४८ इंच. खोली पावणेचोवीस धरली तर कटिंगची जाडी जाऊन एका शीटच्या रुंदीत बरोबर दोन पाट्या निघतात. २६ धरली की एकच निघते आणि २२ इंचाची पट्टी उरते. सहा कपाटं होती. मी म्हटलं, साहेब दोन-सव्वादोन इंच कमी करा. म्हणे "डिझाईन बिघडेल." बिल बघून मालकाचा चेहरा बिघडला. आणि त्या उरलेल्या पट्ट्यांचा मी घरी पोराला अभ्यासाचा टेबल केला, म्हणून माझी तक्रार अर्धीच समजा.

दुसरं म्हणजे प्लायवरचा शिक्का. ७१० नंबर म्हणजे मरीन, पाण्यात टिकणारा, त्याचा तुकडा ७२ तास उकळून तपासतात. सिंकखाली तोच पाहिजे. बेडरूमच्या कपाटाला ३०३ नंबरचा साधा प्लाय चालतो. डिझायनर सगळीकडे ७१० लिहून मोकळा होतो, नाहीतर सगळीकडे स्वस्त. तुमची पोरगी सहा महिने कुठल्याही चांगल्या सुताराच्या हाताखाली उभी राहिली तर चार वर्षांचं शिकेल, हे माझं मत.

भुसावळ_जंक्शन | १५ मे, दुपारी २:०२

आता शिक्कामोर्तब झालंच आहे तर कमिशनचंही बोला. माझ्या घराच्या वेळी डिझायनर फी नाही म्हणाला, आम्ही खूश. मग प्लाय ह्याच दुकानातून, टाइल्स त्याच दुकानातून. शेजाऱ्याने तीच टाइल दुसऱ्याकडून घेतली, आमच्यापेक्षा बऱ्याच कमी भावात. फी नाही म्हणणारा सगळ्यात महाग पडतो.

कर्ण_मोजा | १५ मे, दुपारी ३:१५

@भुसावळ_जंक्शन, खरं आहे. पण ही सवय आपणच लावली. मी फी सांगितली की लोक म्हणतात, "कागदावर रेघा मारायचे एवढे?" तोच माणूस प्लायच्या बिलात त्याच्या दुप्पट निमूट देतो, कारण प्लाय हाताला लागतो. मी दुकानाचा डिस्काउंट बिलातच दाखवते आणि फी वेगळी घेते. त्यापायी दोन कामं गेली.

@रंधा_पटाशी, २६ इंचाचं वाचून पोटात गोळा आला. पहिल्या वर्षी मीही २५ काढली होती.

सोनगीरचा_तांब्या | १५ मे, सायंकाळी ६:३०

तुमचं प्लाय-सनमायका चालू द्या. आमच्या एरंडोलच्या वाड्यात दोन-अडीच फूट जाड भिंती, सागवानी खांब, तुळया, वर धाबं म्हणजे सपाट मातीचं छप्पर, धाब्यावर पांढरी माती. मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि ओसरीवर घोंगडी टाकून झोपलेली माणसं. फडताळ भिंतीत, देवळी भिंतीत, दिवा कुठे ठेवायचा हे घर बांधतानाच ठरलेलं. खोलीचं माप खणात, म्हणजे दोन तुळयांमधल्या अंतरात, सांगायचे. दोन खणाची खोली म्हटलं की सगळं कळायचं. कुठे होता डिझायनर?

तापीपार | १५ मे, सायंकाळी ७:१२

काका, होता की. गावचा सुतार होता. तो बापाच्या हाताखाली दहा-बारा वर्षं राबून शिकलेला होता, फी नव्हती म्हणून कॉलेज म्हणत नाही एवढंच.

आणि त्या वाड्याचं स्वयंपाकघर आठवतंय का? माझ्या आजीच्या माजघरापलीकडची खोली दुपारी बारा वाजताही काळोखी. वर एक सानं, म्हणजे छपरातलं भोक, त्यातून जाईल तेवढा धूर जायचा, बाकीचा आजीच्या डोळ्यांत. पावसाळ्याआधी धाब्यावर माती घालायची, तरी गळायचंच. वाळवी वेगळी. ओसरी पुरुषांची होती, म्हणून थंड होती.

सोनगीरचा_तांब्या | १५ मे, सायंकाळी ७:४०

हे मात्र खरं बोललीस पोरी. आईचे डोळे कायम लाल असायचे. आम्हाला वाटायचं जागरणाने.

फळा_आणि_टी_स्क्वेअर | १६ मे, सकाळी ७:५०

मी नाशिकच्या बाजूला एका संस्थेत शिकवतो. मूळचा चोपड्याचा. शिक्षणाचं थोडं सांगतो, कारण धागा सागवानात शिरलाय.

बारावी कुठल्याही शाखेची असली तरी चार वर्षांचं बी.डेस, म्हणजे डिझाईनची पदवी, करता येते. त्यासाठी आयआयटी मुंबई यूसीड ही प्रवेश परीक्षा घेते, अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाईन संस्थेची वेगळी परीक्षा असते. अहमदाबादेतच सेप्ट विद्यापीठात खास इंटिरिअर डिझाईनचं शिक्षण आहे आणि ते नावाजलेलं आहे. मुंबईत जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्येही हा विषय जुना. याशिवाय तंत्रशिक्षण मंडळाची तीन वर्षांची पदविका आहे, ती दहावीनंतरही करता येते. मोठ्या परीक्षांचे अर्ज आधीच्या हिवाळ्यातच भरून घेतात. म्हणजे त्या वाटेने जायचं तर एक वर्ष थांबून तयारी करावी लागेल. थांबायला हरकत नाही, पुढे याचंच काम सांगतो.

खबरदारी एका जागी घ्या. 'एका वर्षात डिझायनर' असे फलक गल्लोगल्ली आहेत. प्रमाणपत्रावर कोणाची सही असते ते विचारा: विद्यापीठ, तंत्रशिक्षण मंडळ, कला संचालनालय, की फक्त संस्थाचालक? मग वर्कशॉप बघायला मागा. लाकडाचा भुसा दिसला नाही आणि नुसते कॉम्प्युटर दिसले तर चहा पिऊन परत या. शिकवणाऱ्यांपैकी किती जणांच्या स्वतःच्या साइट चालू आहेत तेही विचारा.

@रंधा_पटाशी, तुमचा राग रास्त आहे. पण सहा महिन्यांत तुमच्या हाताखाली ती कपाट करायला शिकेल. त्या जागी कपाट हवं की नको, हे तिथे शिकेल का? आमच्याकडे पहिल्या वर्षी मुलांना माणसं मोजायला लावतो. उभा माणूस, बसलेला, वाकलेला, हात वर केलेला. ओट्याची उंची कोपरापासून चारेक इंच खाली असावी हे वाक्य पाठ होतं. पण भाकरी थापायला त्याहून खाली लागतं, कारण हाताने दाब द्यावा लागतो. ते पुस्तकात नसतं, बाईला विचारावं लागतं.

रंधा_पटाशी | १६ मे, सकाळी ९:३०

सर, मुद्दा पटला. बाईला विचारत कोणीच नाही. आम्हीपण ओटा सरसकट ३४ ला उचलतो.

कळण्याची_भाकरी | १६ मे, सकाळी १०:१५

विचारत नाही म्हणूनच तर! मी जळगावची, मागच्या वर्षी फ्लॅट केला. डिझायनर पुण्याहून आणला, भाच्याचा मित्र. काय दिसतं म्हणून सांगू. पांढरंशुभ्र किचन, हँडल नाहीत, दाबलं की उघडतं. आता ऐका.

खापर (पुरणपोळीचं मातीचं पालथं भांडं) हॉबवर, ओट्यात बसवलेल्या गॅसवर, बसत नाही. म्हणजे अक्षय्यतृतीयेला पुरणपोळ्या बाल्कनीत, शेगडी मांडून. भरताची वांगी गॅसवर भाजली की पांढऱ्या शटरवर काळी नक्षी. वर्षाचे गहू, डाळ, उडदाचे पापड, बिबडे कुठे ठेवायचे विचारलं तर म्हणे "आंटी, ऑनलाइन मागवा ना लागेल तसं." अरे, शेत आहे आमचं! कोठी शेवटी मास्टर बेडरूममध्ये उभी केली. पाहुणे विचारतात, लॉकर आहे का?

आणि कूलर. खिडकीला बाहेरून कूलर लावायचा तर समोरच्या खिडकीतून हवा बाहेर जायला हवी ना. ती खिडकी त्याने कपाटामागे गाडली. कूलर लावला की घर थंड व्हायच्या ऐवजी दमट. पावसाळ्यापर्यंत पार्टिकल बोर्ड फुगून पावासारखं झालं.

शेवभाजी_एक्स्ट्रा_तिखट | १६ मे, सकाळी १०:२२

काकू, मास्टर बेडरूममधला गहू 🙏 याला म्हणतात अन्नसुरक्षा.

खान्देशी_आप्पा | १६ मे, सकाळी १०:४०

काकू, वांगा भाजाले गच्चीवर या. मन्हाकडे चूल शे. भरीत अर्ध अर्ध.

तापीपार | १६ मे, दुपारी १२:०५

थोडं विषयांतर, पण या धाग्यात हवंच. आपल्या भागात सजावटीचं सगळ्यात मोठं काम कोणी केलं असेल तर नंदलाल बोस यांनी. १९३६ चं फैजपूर काँग्रेस, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. शांतिनिकेतनचा एवढा मोठा चित्रकार गांधीजींच्या सांगण्यावरून यावल तालुक्यात आला आणि बांबू, गवत अशा गावात मिळणाऱ्या वस्तूंतून त्याने नगर उभारलं. मी लहानपणी फैजपूरला मामाकडे जायचे, कोणी एका शब्दाने सांगितलं नाही.

भुसावळ_जंक्शन | १६ मे, दुपारी १२:३०

फैजपूर बसने आयुष्य काढलं, हे माहीत नव्हतं. मग चाळीसगावच्या केकी मूस यांचंही नाव घ्या. इंग्लंडात शिकून आलेला माणूस, जन्मभर चाळीसगावच्या एका बंगल्यात राहिला आणि टेबलावर छोट्या वस्तू मांडून, उजेड पाडून असे फोटो काढले की खरंच वाटावं. उजेड कुठून आला पाहिजे हे शिकायला मुलीला तिथे घेऊन जा ताई. पॅसेंजरने अर्धा दिवस.

ठोकळा | १६ मे, दुपारी १:१५

आणि नंदुरबारकडच्यांनी नवापूर स्टेशन बघावं. अर्धा फलाट महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. ओपन प्लॅनचं यापेक्षा मोठं उदाहरण नाही.

पाचवं_वर्ष | १६ मे, दुपारी ४:५०

@कळण्याची_भाकरी, तुमची पोस्ट मी आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर टाकली, नाव न देता. कूलरचं वाचून सगळे गप्प झाले. आमच्याही मागच्या तीन कामांत एसी गृहीत धरलेला होता, क्लायंटला बिल परवडतं का हे कोणी विचारलं नाही.

कळण्याची_भाकरी | १६ मे, सायंकाळी ५:१०

नाव दिलं तरी चाललं असतं. खापराचा फोटो पाठवू का?

फळा_आणि_टी_स्क्वेअर | १६ मे, रात्री ९:००

पाठवाच. बाजूला टेप ठेवून.

बोरीकाठच्या ताई, तुम्ही दोन दिवस गप्प आहात. मुलीला एक काम सांगा, फुकट आहे. घरातलं स्वयंपाकघर मोजून कागदावर काढायचं, एक फुटाला एक सेंटिमीटर धरून. मग एक दिवस कोपऱ्यात बसायचं आणि आई-आजी किती वेळा कुठून कुठे जातात त्याच्या रेघा त्याच कागदावर मारायच्या. पेन्सिलने, मोबाईलवर नाही. कंटाळली तर सीए बरं.

बोरीकाठची | २४ मे, रात्री १०:०५

उशीर झाला, माफी. शाळेच्या निकालपत्रकांत होते. सगळं वाचलं, घरात मोठ्याने वाचून दाखवलं. दीर "पाटी कोणीही लावू शकतो" एवढंच लक्षात ठेवून गेले.

सरांनी सांगितलेलं काम तिने केलं. पहिल्या दिवशी भिंतींची मापं समोरासमोर जुळेनात, ती रडकुंडीला आली. मग कर्ण_मोजा ताईंचं तीन-चार-पाच करून पाहिलं. भिंतच तिरकी निघाली, आमचं घर १९८४ चं. नंतर एक दिवस सकाळी सहापासून कोपऱ्यात बसली. सासूबाईंना वाटलं पोरीला बरं नाही.

कागद बघून मीच चाट पडले. पिठाचा डबा एका टोकाला, तवा दुसऱ्या टोकाला. भाकरीच्या एका वेळेत सासूबाईंच्या एकोणीस फेऱ्या. आणि ओट्यावर नाहीच, त्या अजूनही भाकऱ्या खाली बसून पाटावर थापतात, मग उठून तव्याकडे. तीस वर्षं त्यांच्या शेजारी उभी राहून मी हे पाहिलं नव्हतं. मुलीने डबा तव्याजवळ हलवला आणि जुना बुटका टेबल तिथे लावला.

रंधा_पटाशी | २४ मे, रात्री १०:२८

टेबलाची उंची किती?

बोरीकाठची | २४ मे, रात्री १०:३५

२८ इंच. ती म्हणते आजीच्या कोपरापेक्षा आठ इंच खाली, दाब देता येतो. सासूबाई म्हणतात अजून एक इंच कमी कर.

रंधा_पटाशी | २४ मे, रात्री १०:४१

टेबल घेऊन या पाचोऱ्याला. पाय कापून देतो, पैसे नको. पोरीला बरोबर आणा, करवत तिच्या हातात देऊ.

खान्देशी_आप्पा | २४ मे, रात्री १०:५०

येताना आजीना हातन्या दोन भाकरी आना.